रोजच्या कामाचे छायाचित्रण: गोव्यातील एका वाड्यापासून (गावातील एका वस्तीपासून) सुरुवात कशी करावी

गोव्याच्या छायाचित्रांची टंचाई नाही. टंचाई आहे ती गोव्यातल्या रोजच्या कामाच्या छायाचित्रांची. किनारा, कार्निव्हल, जुन्या गोव्यातील चर्च, शिगम्याची मिरवणूक आणि पणजीतील फोंतेन्यास या जुन्या वस्तीच्या रंगीत भिंती यांची छायाचित्रे दर आठवड्याला हजारोंनी निघत असतील. परंतु खाजन शेताचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेताचा, बांध फुटल्यावर तो कोण आणि कसा बांधतो, मिठागराची जमीन पायाने तुडवून कशी घट्ट केली जाते, पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) मिरची अंगणात कोणत्या चटईवर वाळते, हे सांगणारी छायाचित्रे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. हे मार्गदर्शन अशा छायाचित्रणाची इच्छा असलेल्या, कॅमेरा किंवा बरा फोन जवळ असलेल्या आणि गोव्यात राहणाऱ्या वाचकासाठी आहे. त्यातील पद्धत मात्र जगभर वापरली गेलेली आहे, म्हणून तिकडची उदाहरणेही अधूनमधून येतील.

२०१२ साली आयव्हरी कोस्टमध्ये काम करत असलेल्या पीटर डिकॅम्पो आणि ऑस्टिन मेरिल या दोन अमेरिकी पत्रकारांनी ‘एव्हरीडे आफ्रिका’ हा उपक्रम फोनवर काढलेल्या छायाचित्रांनी सुरू केला. आफ्रिकेतून बाहेर जाणारी छायाचित्रे युद्धाची, नाहीतर भुकेची असतात आणि लिफ्टमध्ये उभा असलेला, शाळेतून परतणारा किंवा केस कापून घेणारा माणूस त्यांत दिसत नाही, ही त्यांची तक्रार होती. पुढे आशियात, लॅटिन अमेरिकेत आणि इतरत्र त्याच धर्तीचे उपक्रम निघाले. आफ्रिकेच्या वाट्याला जशी भूक आली तशी गोव्याच्या वाट्याला सुट्टी आली, एवढाच फरक; दोन्हीकडे सामान्य मंगळवार चौकटीबाहेर राहतो. आपल्या देशात पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात शेतमजूर, विणकर, मच्छीमार यांच्या कामाची छायाचित्रे मजकुरासह मिळतात, आणि त्यातील पुष्कळसे मराठीतही वाचता येते. कॅमेरा उचलण्यापूर्वी तेथील चार-पाच वृत्तांत नीट पाहावेत. छायाचित्र आणि ओळ एकमेकांना कशी धरून असतात ते त्यातून कळते.

विषय म्हणजे एक काम

नवशिक्याचा विषय बहुधा फार मोठा असतो: ‘माझे गाव’, ‘गोव्यातील मच्छीमार’, ‘बदलता गोवा’. असे विषय घेऊन वर्षभर छायाचित्रे काढली तरी शेवटी हाती येतो तो चांगल्या-वाईट चित्रांचा ढीग. माझ्या मते सर्वांत उपयोगी विषय म्हणजे ज्याला सुरुवात आणि शेवट आहे असे एक काम. एका भट्टीतला पाव, एका आगरातले मीठ, एका गावच्या किनाऱ्यावर ओढली जाणारी रापण (मोठे जाळे), एका घरची माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळांची आरास), काजूच्या एका भट्टीतला हंगाम, दशावतारी कंपनीचा एका गावातला मुक्काम, एखाद्या फेरीबोटीवरचा पहिल्यापासून शेवटच्या फेरीपर्यंतचा दिवस. कामाला स्वतःचा क्रम असतो आणि तो क्रमच पुढे तुमच्या मालिकेचा कणा होतो. शिवाय माणसे आपल्या कामाविषयी मोकळेपणाने बोलतात. आपल्या आयुष्याविषयी बोलायला त्यांना वेळ लागतो, आणि तो लागावाच.

निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे अंतर. सांगे तालुक्यातला एखादा दूरचा वाडा कितीही आकर्षक वाटला तरी तुम्ही पणजीत राहत असाल तर तेथे तुमचे जाणे महिन्यातून एकदा होईल, आणि दस्तऐवजी छायाचित्रण एकदा जाण्याने होत नाही. चालत किंवा स्कूटरवर वीस मिनिटांत पोहोचता येईल असेच ठिकाण घ्यावे. दुसरी म्हणजे हंगाम. काजूच्या भट्ट्या साधारण मार्च ते मे या काळात पेटतात. मीठ पावसाळ्यापूर्वी, म्हणजे जूनच्या आरंभापर्यंतच हाती येते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे जेटीवर जाळी दुरुस्त करण्याचे आणि होड्या रंगवण्याचे काम पाहायचे असेल तर तोच काळ. माटोळीचे सामान चवथीच्या आदल्या दोन-चार दिवसांतच बाजारात दिसते. हंगाम चुकला की वर्ष गेले, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयावर आधीच खुणा करून ठेवणे बरे.

सणाच्या मुख्य दिवसापेक्षा आदल्या दिवसाला मी जास्त महत्त्व देतो. माटोळी टांगून झाल्यावर तिचे छायाचित्र सगळेच काढतात आणि तिच्या स्पर्धाही होतात. परंतु सुपारीचे घड, कवंडळे, आंबाडे, तोरिंजन आणि रानातून आणलेली फळे जमिनीवर पसरून घरातला वडीलधारा माणूस कोणते कुठे बांधायचे ते ठरवत असतो, त्या दुपारी त्या घरात बहुधा एकही कॅमेरा नसतो.

प्रश्नांची यादी

१९३५ पासून अमेरिकेत मंदीच्या काळात शेतकऱ्यांच्या स्थितीचे छायाचित्रण करणारा जो सरकारी विभाग होता, पुढे फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या नावाने ओळखला गेला, त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर हे स्वतः छायाचित्रकार नव्हते. ते अर्थशास्त्राचे अध्यापक होते आणि आपल्या छायाचित्रकारांना बाहेर पाठवताना हाती प्रश्नांची लांबलचक यादी देत असत: निरनिराळ्या मिळकतीची माणसे संध्याकाळ घरी कशी घालवतात, घरांच्या भिंतींवर काय टांगलेले असते, लोक कुठे एकत्र जमतात. अशी यादी तुम्हीही करावी, आणि ती कॅमेरा न नेता केलेल्या पहिल्या एक-दोन भेटींतून तयार व्हावी. भट्टीवर गेलात तर विचारावे की पीठ किती वाजता मळतात, लाकूड कुठून येते, भट्टी पुरेशी तापली हे कशावरून ओळखतात, पावसात लाकूड ओले झाल्यावर काय करतात, पाव उरला तर त्याचे काय होते. प्रत्येक उत्तरात एक छायाचित्र दडलेले असते. लाकूड ओले झाल्यावर ते भट्टीच्या माथ्यावर रचून वाळवतात असे कोणी सांगितले, तर जुलैत तेथे काय पाहायचे ते तुम्हाला मार्चमध्येच कळले.

यादीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो घरबसल्या करता येण्याजोगा आहे. स्वीडनमधील गॅपमाइंडर या संस्थेच्या ‘डॉलर स्ट्रीट’ या प्रकल्पात जगातील अनेक देशांतल्या घरांत जाऊन त्याच त्या वस्तूंची छायाचित्रे घेतलेली आहेत: चूल, दात घासण्याचे साधन, झोपण्याची जागा, मुलांची खेळणी. ती मिळकतीच्या क्रमाने शेजारी शेजारी ठेवली की देशापेक्षा मिळकतच घराचे रूप अधिक ठरवते हे डोळ्यांना दिसते. आपल्या वाड्यावरच्या घरांत जाऊन केवळ आदोळीची छायाचित्रे काढून पाहावीत, एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून, वस्तू जिथे ठेवलेली असते तिथेच. नारळ खोवण्याचे एवढेसे साधन. पण कुणाकडे आजीची लाकडी आदोळी पाते झिजून अर्धे झालेली असते, कुणाकडे ओट्याला आवळून बसवायचे स्टीलचे यंत्र असते, आणि कुणाकडे ती माळ्यावर असते कारण खोबरे मिक्सरमध्ये वाटले जाते. तंत्राच्या दृष्टीने हा सराव सोपा आहे आणि शिस्त लावणारा आहे.

भट्टीतली एक रात्र

पद्धत नीट कळावी म्हणून एक काम जवळून पाहू. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पारंपरिक भट्टी म्हणजे घुमटाकार बांधणीची, एकच तोंड असलेली चूल. लाकूड आतच जाळतात, घुमट तापला की निखारे बाजूला ओढतात, तळ झाडून घेतात आणि त्या साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. पोय, उंडो, कात्रो, काकण या पावांच्या प्रकारांना लागणारी आच आणि वेळ वेगवेगळी असते, म्हणून कशाचा घाणा आधी जातो आणि कशाचा नंतर, हे त्या भट्टीचे गणित असते. ते विचारून लिहून ठेवावे.

अशा ठिकाणी पहिला प्रश्न उभे कुठे राहायचे हा असतो. पाव आत सरकवण्याची आणि बाहेर काढण्याची लाकडी फळी लांब दांड्याची असते, आणि ती बाहेर ओढताना दांड्याचे मागचे टोक वेगाने मागे येते. भट्टीच्या तोंडासमोर, कामगाराच्या पाठीमागे उभे राहण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण आगीची चौकट तिथूनच दिसते; परंतु ती जागा दांड्याची आहे. तोंडाच्या एका बाजूला, भिंतीला पाठ लावून उभे राहिले तर कामात अडथळा होत नाही आणि आतल्या उजेडाने उजळलेला कामगाराचा चेहराही तिथूनच दिसतो. पहिल्या रात्री त्या एका जागेवरून न हलता छायाचित्रे काढावीत. माणसे तुमच्या हालचालीकडे लक्ष देणे सोडतात ते तुम्ही स्थिर असता तेव्हाच.

उजेड असतो तो निखाऱ्यांचा आणि एखाद्या ट्यूबलाइटचा. फ्लॅश वापरू नये. त्याने निखाऱ्यांचा रंग मरतो आणि काम करणाऱ्याचे डोळे दिपतात, जे आगीजवळ धोक्याचे आहे. ३५ किंवा ५० मिलिमीटरची, एफ/२ किंवा त्याहून मोठे छिद्र असलेली लेन्स असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ६४०० दरम्यान ठेवून काम होते. हात चालू असताना शटर १/१२५ सेकंदापेक्षा मंद करू नये. पीठ झाकून ठेवलेल्या स्थिर दृश्याला १/३० चालते. चित्रातील रवाळपणाला घाबरण्याचे कारण नाही, हललेल्या चेहऱ्याला मात्र उपाय नसतो. एक्स्पोजर (उजेडाचे माप) चेहऱ्यावर धरावे, आगीवर नव्हे; आगीचा गाभा पांढरा झाला तर होऊ द्यावा. आग लालसर आणि ट्यूबलाइट निळसर-हिरवट असल्यामुळे आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) प्रत्येक चित्रात वेगळा रंग देतो आणि नंतर मालिका लावताना फार त्रास होतो. म्हणून तो एकाच मूल्यावर बांधून टाकावा आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावी. फोन असेल तर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करावेत व उजेडाची पट्टी किंचित खाली ओढावी. हवेत पीठ उडत असते, तेव्हा आत लेन्स बदलू नये आणि काचेवर बसलेले पीठ कापडाने न पुसता फुंकणीने उडवावे.

पहाटे पाव टोपल्यांत भरून निघतो तेव्हा बहुतेक जण सायकलच्या मागे धावतात. त्याने पाठीची छायाचित्रे मिळतात. पोदेराचा मार्ग आणि वेळ ठरलेली असते, म्हणून आदल्या दिवशी ती समजून घेऊन एखाद्या वळणावर आधीच जाऊन थांबावे. भोंगा ऐकू येतो तेव्हा तयारीला वेळ मिळतो. सायकलचा वेग दाखवायचा असेल तर शटर १/३० वर ठेवून कॅमेरा सायकलबरोबर फिरवावा. पण माझे लक्ष अशा वेळी सायकलपेक्षा फाटकांकडे जाते. कुठे खिळ्याला कापडी पिशवी लटकलेली असते, कुठे खिडकीच्या गजाला प्लास्टिकची, कुठे पायरीवर डबा असतो, आणि घरातले माणूस उठण्यापूर्वीच मोजून पाव त्यात पडतो. त्या पिशव्यांची एक वेगळी मालिका सहज होईल.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. गोव्यातल्या अनेक भट्ट्या आज मूळ मालक स्वतः चालवत नाहीत. त्या भाड्याने दिलेल्या असतात आणि आत काम करणारे कितीतरी जण कर्नाटकातून व इतर राज्यांतून आलेले असतात. ट्रॉलरवरच्या खलाशांचेही तसेच. ‘पारंपरिक गोवा’ दाखवायच्या भरात या माणसांना चौकटीबाहेर ठेवणारा छायाचित्रकार खोटे बोलत असतो, त्याची प्रत्येक फ्रेम खरी असली तरी. कामगार कुठून आला, किती वर्षे इथे आहे, भट्टीच्या मागच्या खोलीत त्याचा बिछाना आणि फोनचा चार्जर कुठे असतो, हेही त्या पावाच्या गोष्टीचेच भाग आहेत.

उघड्यावरचा उजेड

मिठागरात प्रश्न उलटा असतो, तिथे उजेड जास्त होतो. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीस, आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याच्या सुमारास, मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो. मिठाचा हंगाम ऐन मे महिन्यात भरात असतो. दुपारी बारा वाजता माणसाची सावली पायाखाली जाते आणि कपाळाखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. पुस्तकी सल्ला असा की या वेळी छायाचित्रे काढूच नयेत. तो पाळला तर उन्हात होणारे काम कधीच दिसणार नाही, म्हणून मला तो मान्य नाही. मिठाच्या राशीजवळ पांढऱ्या पृष्ठभागावरून उजेड खालून वर येतो आणि टोपीखालचा किंवा पदराखालचा चेहरा त्याने उजळतो. माणूस राशीजवळ वाकला की डोळे दिसू लागतात. तेवढ्या क्षणांची वाट पाहावी.

कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सर्व करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे पांढऱ्या मिठाचे चित्र तो काळवंडून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक, कधी त्याहून थोडे जास्त ठेवावे आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकत नाही ना ते पाहावे. आगराची रचना समजावून देणारे एक तरी छायाचित्र उंचावरून हवे. भरतीचे पाणी मानशीतून (बांधातल्या झडपेतून) आत कसे घेतले जाते, ते एका खणातून दुसऱ्या खणात जाताना कसे दाट होत जाते आणि शेवटच्या उथळ खणात मीठ कसे धरते, हे बांधावर उभे राहून काढलेल्या एका चित्रात मावू शकते, मात्र त्यासाठी भरती-ओहोटीची वेळ आधी पाहावी लागते. बांधावर चालताना मात्र सांभाळावे. तो मातीचा असतो, त्याची कड पायाने ढासळते आणि ती पुन्हा लिंपण्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते. घरी आल्यावर कॅमेरा ओलसर कापडाने आणि मग कोरड्याने पुसावा. खारी हवा धातूला खाते.

पावसाविषयी थोडक्यात: १/५०० वर थेंब थांबलेले दिसतात, १/६० वर त्यांच्या रेघा होतात. फेरीबोटीवर उभ्या प्रवाशांच्या छत्र्यांचे चित्र असेल तर रेघा बऱ्या. वातानुकूलित मोटारीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढल्यास काच धुरकटते, तेव्हा तो पिशवीतच दहा-पंधरा मिनिटे बाहेरच्या हवेशी जुळू द्यावा. एरवी लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, नाहीतर एका पावसाळ्यात काचेत बुरशी धरते.

परवानगी, नाव आणि दिलेला शब्द

जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याने एक सूचनापत्रक काढले, त्यात इतर पर्यटकांची, विशेषतः ऊन खात पडलेल्या किंवा पोहणाऱ्यांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीशिवाय काढू नयेत असे म्हटले होते. सूचना योग्यच आहे. तोच संकोच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईसमोर किती जणांना वाटतो, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. फोंतेन्यासमध्ये रहिवाशांना आपल्या दारांवर छायाचित्रे काढू नयेत अशा पाट्या लावाव्या लागल्या आहेत, आणि नारळाच्या झाडांमधल्या रस्त्यासाठी प्रसिद्ध झालेल्या पर्रा गावच्या पंचायतीने एके काळी चित्रीकरणावर शुल्कच लावले होते, ते टीका झाल्यावर मागे घेतले गेले. लोक कंटाळलेले आहेत हे गृहीत धरूनच घराबाहेर पडावे.

विचारायचे साधेपणाने, समोरच्याच्या भाषेत. ‘मावशी, फोटो काडूं?’ एवढे पुरते. लांबलचक प्रस्तावनेने उलट संशय वाढतो. बाजारात गिऱ्हाईक समोर असताना विचारू नये, आणि होकार मिळाल्यावर टोपलीसमोर उभे राहून माल झाकू नये, बाजूला बसावे. फोटोसाठी पैसे देऊ नयेत, तसेच अर्धा किलो बांगडे घेतले म्हणजे परवानगी विकत मिळाली असेही समजू नये. देवळात गाभाऱ्याच्या दिशेने कॅमेरा वळवण्यापूर्वी देवस्थान समितीला, प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये पाद्रींना विचारावे. धालोंसारख्या स्त्रियांच्या लोकनृत्याच्या मांडावर (अंगणात) पुरुष छायाचित्रकाराने तिथल्या वडीलधाऱ्या बायांनी बोलावल्याशिवाय जाऊच नये. मुलांच्या बाबतीत मुलांचा होकार पुरेसा नाही, आई-वडिलांचा हवा. अनेकदा आधी सहज क्षण टिपून लगेच नंतर दाखवणे आणि नको म्हटल्यास समोरच खोडून टाकणे हाही मार्ग वापरला जातो; तो मला रस्त्यावर मान्य आहे, कुणाच्या अंगणात नाही.

या विषयावर एक जुना प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. मार्च १९३६ मध्ये स्ट्रायकर यांच्या विभागासाठी काम करणाऱ्या डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे मुलांसह छायाचित्र घेतले, ते जगातील सर्वांत ओळखीच्या छायाचित्रांपैकी एक ठरले. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. ती स्त्री, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, १९७८ मध्ये लोकांसमोर आली तेव्हा तिने सांगितले की आपले नाव विचारले गेले नाही, प्रत पाठवण्याचे कबूल करून ती पाठवली गेली नाही, आणि हे छायाचित्र काढलेच गेले नसते तर बरे झाले असते. त्या छायाचित्राने कितीतरी लोकांपर्यंत मंदीचे दुःख पोहोचवले हेही खरे. परंतु नाव विचारायला आणि एक प्रत पोस्टात टाकायला फार काही लागत नाही. प्रत देईन म्हणालात की वहीत त्या माणसाच्या नावापुढे तसे लिहून तारीख टाकावी, आणि पुढच्या भेटीत कागदावर छापलेली प्रत हातात द्यावी. फोनवर पाठवलेले चित्र चार दिवसांत खाली सरकते.

दुसरा प्रसंग त्याच विभागातला आहे. त्याच वर्षी आर्थर रॉथस्टीन यांनी साउथ डकोटात भेगाळलेल्या जमिनीवर पडलेल्या बैलाच्या कवटीची छायाचित्रे काढताना ती थोडी हलवून वेगवेगळ्या जागी ठेवली. ते उघडकीस आल्यावर सरकारविरोधी वृत्तपत्रांनी दुष्काळाची छायाचित्रेच बनावट असल्याचा गवगवा केला. दुष्काळ खरा होता, कवटीही खरी होती. थोड्याशा हलवाहलवीने संपूर्ण विभागाच्या कामावर शंका आली. म्हणून टोपली थोडी इकडे सरकवा, जाळे पुन्हा एकदा फेका, असे म्हणू नये. जाळे पुन्हा फेकले जाणारच आहे, थांबावे. समोर बसवून, कॅमेऱ्याकडे पाहायला सांगून घेतलेले व्यक्तिचित्र ही वेगळी गोष्ट. ते बसवून घेतलेले आहे हे पाहणाऱ्याला दिसते, आणि कित्येक माणसांना आपले तसेच चित्र हवे असते, चांगला सदरा घालून.

निवड, ओळी आणि जतन

घरी आल्यावर त्याच रात्री दोन गोष्टी कराव्यात: फाइलींच्या प्रती घ्याव्यात आणि वहीतल्या नोंदी त्यांना जोडाव्यात. निवड मात्र आठवडाभराने करावी, कारण ताज्या डोळ्याला कष्टाने मिळालेले चित्र चांगलेच वाटते. एका कामाच्या मालिकेला पंधरा ते वीस छायाचित्रे पुष्कळ झाली. पोस्टकार्डाएवढ्या स्वस्त प्रती छापून जमिनीवर मांडाव्यात आणि कामाच्या क्रमाने लावाव्यात. एकसारखी दोन असतील तर एक उचलावे, आणि क्रमात जिथे पाऊल चुकते, उदाहरणार्थ पीठ मळणे आहे, भाजणे आहे पण मधले वळणे नाही, तिथे पुन्हा जावे. नाकारलेली छायाचित्रे पुसू नयेत. स्ट्रायकर नको असलेल्या निगेटिव्हला भोक पाडत असत, आणि त्यांतल्या कितीतरी निगेटिव्हच्या छापांत आज तो काळा ठिपका पाहून अभ्यासक हळहळतात; मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर किंवा दुकानाची पाटी उद्या कुणाला मोलाची वाटेल ते आज सांगता येत नाही.

फोटोओळ हा या कामाचा अर्धा भाग आहे, आणि बहुतेकांनी टाळलेला. ‘गोव्यातील पारंपरिक बेकरी’ ही ओळ निरुपयोगी आहे. ‘पोयांवर गव्हाचा कोंडा भुरभुरताना कामगार, मूळ गाव बेळगाव जिल्ह्यात, या भट्टीवर आठ वर्षे, पहाटे ३.४०’ आणि पुढे वाडा, गाव, तालुका, तारीख, अशी ओळ हवी. नाव द्यायचे नसेल तर ‘नाव त्यांच्या इच्छेनुसार दिलेले नाही’ असे लिहावे. हत्याराला, जागेला, कामाच्या टप्प्याला तिथली माणसे जो शब्द वापरतात तो जसाच्या तसा नोंदवावा, मग तो कोकणी असो वा कन्नड. गावांच्या बाबतीत काळजी हवी: साखळी, माशेल, दिवाडी यांची मराठी, कोकणी आणि इंग्रजी रूपे निराळी असल्याने एकच रूप लिहिले तर पुढे शोधताना चित्र सापडत नाही, तिन्ही रूपे फाइलीच्या माहितीच्या रकान्यात भरावीत. रकाना म्हणजे फाइलीच्या आतला, फाइलीचे नाव नव्हे.

प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात. जुन्या संदर्भासाठी पणजीतील पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळता येतात. परंतु त्याहून मोठा साठा घराघरांतल्या अल्बमांत आहे. वृद्ध माणसाला तुमची छायाचित्रे दाखवली की तो बहुधा आपला अल्बम काढतो. त्यातील चित्र घरी न नेता तिथेच, खिडकीजवळ, पानावर सरळ वरून कॅमेरा धरून प्रत घ्यावी आणि मागे लिहिलेला मजकूरही टिपून घ्यावा.

मालिका पूर्ण झाल्यावर ती प्रथम त्या वाड्यावर दाखवावी. पणजीतले दालन नंतर. देवळाचा मंडप, पंचायतीचे सभागृह, शाळेचा व्हरांडा, काहीही चालते. प्रत्येक चित्राखाली ओळ चिकटवावी, शेजारी कोरा कागद लावून दोरीला पेन्सिल बांधावी आणि चूक दिसल्यास लिहा असे सांगावे. लोक लिहितात: हा माझा मामा, थोरला, धाकटा नव्हे, ही मानस वरची, खालची नाही, ते लाकूड काजूचे आहे. या दुरुस्त्या त्याच आठवड्यात फाइलींच्या रकान्यांत भरून घ्याव्यात आणि दुरुस्त केलेल्या प्रती, दुसऱ्या घरात ठेवलेली धरून, पुन्हा तिन्ही ठिकाणी ठेवाव्यात.